उघड्या तोंडाची भट्टी : शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या वीजबिलाची गोष्ट

पहिल्या भेटीतच फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी माझ्यापुढे दोन कोटेशनं ठेवली. एक नव्या इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेवरच्या भट्टीचं, दुसरं छतावरच्या सोलरचं. म्हणाले, "साहेब, यातलं आधी कुठलं घेऊ तेवढं सांगा. बिल आता झेपत नाही." तिसरा एक कागद त्यांनी ड्रॉवरमध्येच ठेवला होता, तो चहा झाल्यावर बाहेर काढला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना 'वीज बचतीचा' डबा लाखभर रुपयांना विकला होता. पॅनेलशेजारी भिंतीवर तो अजून होता, हिरवा दिवा लावून. आत कपॅसिटर. त्याने सुधारतो तो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा. फाउंड्रीचा तो आधीपासूनच चांगला होता, त्यामुळे बिलात एका रुपयाचा फरक पडला नव्हता. फसवलं गेल्याची चीड त्यांच्या बोलण्यात होती आणि ती रास्त होती. ऊर्जा कार्यक्षमतेचं नाव काढलं की लहान कारखानदार आधी मागे सरकतो, त्याचं निम्मं कारण असे डबे आहेत.

मी एनर्जी ऑडिटचं काम करतो. या फाउंड्रीचं नाव देत नाही, तिचे आकडेही थोडे गोल करून देतो आहे. फाउंड्री शिरोली एमआयडीसीतली. भट्टीला वीज देणारं ५५० किलोवॅटचं एक पॅनेल, त्यावर एक-एक टनाची दोन क्रुसिबल (वितळवायची भांडी), आलटून पालटून चालणारी. ग्रीन सँड मोल्डिंग, म्हणजे ओलसर वाळूचे साचे, दोन पाळ्या. माल ग्रे आयर्नचा : पंपांची बॉडी, ट्रॅक्टरचे काही पार्ट, व्हॉल्व्हचे काही. भट्टी एकदा भरून वितळवली की एक हीट; अशा दिवसाला साधारण दहा हीट, महिन्याला २५० टन रस, म्हणजे वितळलेलं लोखंड. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यात मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. त्यातल्या पुष्कळांचं चित्र उन्नीस-बीस असंच आहे. म्हणूनच एकीचं प्रकरण नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

भागाकार कशाने करायचा

"टनाला किती युनिट पडतात?" असं विचारल्यावर मालक लगेच म्हणाले, "सहाशे चाळीस." हा आकडा फर्नेसच्या पॅनेलवरच्या मीटरचा. बहुतेक फाउंड्रीत हाच आकडा तोंडावर असतो आणि मालक-मालक भेटले की याचीच तुलना चालते.

लोखंड थंड अवस्थेतून वितळवून १,४५० ते १,५०० अंशांपर्यंत न्यायला टनाला साधारण ३५० ते ४०० युनिट उष्णता लागतेच. हा निसर्गाचा हिशेब, त्यात कुणालाच सूट नाही. कॉइलमध्ये, पॅनेलमध्ये, लाइनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) आणि तोंडातून जाणारी उष्णता धरून चांगली चालवलेली भट्टी ५५०च्या आसपास काम करते. म्हणजे ६४० काही भयंकर नव्हतं. मालकांच्या मते दोष जुन्या पॅनेलचा होता.

मी त्यांना महिन्याचं पूर्ण बिल काढायला सांगितलं : दोन लाख पंधरा हजार युनिट. मग डिस्पॅचचं रजिस्टर मागवलं. २५० टन रस ओतला, त्यातला ६५ टक्के कास्टिंगमध्ये गेला, उरलेला रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड) होऊन परत भट्टीकडे आला. कास्टिंगपैकी आठ टक्के रिजेक्ट. गिऱ्हाइकाकडे गेलेला चांगला माल जेमतेम १५० टन. दोन लाख पंधरा हजार भागिले १५०.

"चौदाशे तीस," मालकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला आणि परत स्वतःकडे ओढून पुन्हा भागाकार केला.

माझं पहिलं म्हणणं हेच होतं आणि आजही आहे. फाउंड्रीची वीज रसाच्या टनाने मोजली की चोर सापडत नाही. वजनकाट्यावरून बाहेर गेलेल्या चांगल्या मालाच्या टनाने मोजली, तरच सापडतो. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगमध्ये वितळवण्याची वीज तर असतेच, त्याच्या वाळूची, हवेची, शॉट ब्लास्टची, ग्राइंडरचीही असते. तो तुकडा परत भट्टीत जातो तेव्हा लोखंड वाचतं. वीज वाचत नाही.

तीन दिवस भट्टीपाशी

नवी फर्नेस घ्यायची की नाही हे ठरवायच्या आधी जुनी नेमकी काय करते ते बघायचं होतं. फेब्रुवारीत तीन दिवस मी दोन्ही पाळ्यांत भट्टीशेजारी वही घेऊन बसलो. प्रत्येक हीटची वेळ लिहिली : पहिला चार्ज कधी पडला, रस कधी झाला, सँपल कधी गेलं, रिपोर्ट कधी आला, ओतायला कधी घेतलं, शेवटचा लॅडल (रस ओतायचं भांडं) कधी भरला. शेजारी पॅनेलवरची किलोवॅट.

त्यातली रात्रीची एक हीट इथे सांगतो. दहा चाळीसला पॉवर दिली. अकरा बावन्नला रस तयार. सँपल घेऊन हेल्पर लॅबकडे गेला. लॅब शेडच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये मोल्डिंगची लाइन, अंधारात वळसा घालून जावं लागायचं. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर आधीच्या पाळीचं दुसरं सँपल लागलेलं. रिपोर्ट चौदा मिनिटांनी आला. कार्बन थोडा कमी, म्हणून सीपीसी (कार्बन वाढवणारी कोकची भुकटी) टाकली, ढवळलं, चार मिनिटं. मग लक्षात आलं की लॅडल थंड आहे, तो बर्नरवर ठेवला. तोवर मोल्डिंगकडून निरोप आला, साच्यांचे सहा बॉक्स अजून बंद व्हायचेत. बारा वाजून सव्वीस मिनिटांनी ओतायला सुरुवात झाली. रस चौतीस मिनिटं तयार होऊन नुसता थांबला होता.

ती चौतीस मिनिटं पॅनेल बंद नव्हतं. रस थंड होऊ नये म्हणून ते ९० किलोवॅटच्या आसपास खात होतं. हिशेब केला तर पन्नासेक युनिट, एका टनामागे, नुसत्या वाट बघण्याचे. त्यात भर म्हणजे लॅडल थंड आहे हे माहीत असल्याने फर्नेसवाला रस गरजेपेक्षा चाळीस-पन्नास अंश जास्त तापवून ठेवायचा. पन्नास अंश जादा म्हणजे टनाला आणखी पंधरा ते पंचवीस युनिट. त्याचा तो अनुभव होता, आणि त्याच्या जागी तो बरोबरही होता. बॉक्स अर्धा भरून रस गोठला तर शिव्या त्यालाच बसणार होत्या.

कोल्हापुरात हे समजावणं तसं सोपं आहे. गुऱ्हाळावर काहील रिकामी ठेवून चुलवण धडधडत ठेवलेलं कुणी बघितलंय का? जाळ घालणाऱ्याला गुळव्याची नजर कळते, रस कधी पडणार, पाक कधी उतरणार, त्या बेताने तो चिपाडं सारतो. मालकांच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं. मी हे बोललो तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि थेट मोल्डिंगच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं.

झालं ते इतकंच. पॉवर देण्याआधी किती बॉक्स तयार आहेत ते सुपरवायझरने फर्नेसवर सांगायचं आणि ठरलेल्या संख्येच्या खाली असतील तर हीट सुरू करायची नाही. सँपलसाठी लॅबपर्यंत सरळ वाट मोकळी केली, मध्ये पडलेले जुने पॅटर्न हलवले. लॅबमधल्या ताईंनी स्वतःच सुचवलं की फर्नेसचं सँपल आलं की बाकीचं बाजूला ठेवायचं आणि आकडे मोबाइलवर कळवायचे, कागद नंतर. लॅडल तापवायला झाकण असलेले दोन बर्नर आले. महिन्याभरात थांबण्याची वेळ सरासरी अकरा-बारा मिनिटांवर आली. यासाठी एकही मोठं यंत्र विकत घ्यावं लागलं नाही. घ्यावे लागले ते बर्नर आणि माणसांचे एकमेकांना निरोप.

झाकण

आता या प्रकरणाचा गाभा. तीनही दिवस भट्टीचं तोंड सताड उघडं होतं.

तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारं प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. १,४५० अंशांना आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून तब्बल ५०० किलोवॅट बाहेर पडतात. वितळलेल्या लोखंडाचा चकचकीत पृष्ठभाग त्याहून बराच कमी देतो. तरी एक टनाच्या भट्टीच्या अर्ध्या मीटर व्यासाच्या तोंडातून, साधारण चाळीस टक्के धरले, तर ३५ ते ४० किलोवॅट सतत छताकडे जात असतात. घरातल्या दीड टनाच्या एसीला साधारण दीड किलोवॅट लागतात. पंचवीस एसी एका उघड्या तोंडात. आणि ती उष्णता झेलत समोर माणूस उभा.

झाकण नव्हतं असं नाही. ते शेडमागे कडुलिंबाखाली गंजत पडलं होतं. फर्नेसवर बावीस वर्षं काढलेल्या मामांना मी विचारलं, "मामा, हे का काढून टाकलं?"

मामा घाम पुसत म्हणाले, "झाकण ठिवलं तर चार्ज कुठनं टाकायचा सायेब? आन् ते उचलायला साखळी. एकदा स्लॅग, रसावरची मळी, कडंला चिकटला आन् झाकण बसलं की घट्ट. दोघं जण पहारीनं हाणतोय, खाली रस उकळतोय. त्या दिवशी म्या मालकास्नी सांगितलं, आता ह्यो जिवाचा खेळ न्हाई करायचा."

ऑडिटच्या अहवालात 'झाकण वापरावे' हे वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. मीही ते अनेक अहवालांत लिहिलं आहे. ते का वापरत नाहीत हे आधी मामांना विचारायला हवं, हे मला या फाउंड्रीत शिकायला मिळालं.

मग मामा, फॅब्रिकेशनवाला आणि मी असं बसून नवं झाकण ठरवलं. वर उचलायचं नाही, बाजूला फिरवायचं. आतून जड कास्टेबलऐवजी हलकं सिरॅमिक फायबर. एका हाताने ढकललं की सरकेल असं. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने दहा दिवसांत बनवून दिलं. उद्यमनगरने एकेकाळी शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं आणि उसाचे घाणे पुरवले, अशी कामं तिथे आजही तोंडी सांगून होतात.

पहिलं झाकण फसलं. फिरवायचा खुंट आम्ही भट्टीच्या फार जवळ घेतला होता. आठव्या दिवशी उष्णतेने तो आवळला आणि झाकण अर्ध्यात अडकलं. खर्च वाया गेला, मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या वेळी हात लांब केला, खुंट प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यात नेला, त्यावर पत्र्याची ढाल बसवली. कडेचा स्लॅग दर हीटनंतर खरवडायचं काम ठरवून दिलं. झाकणाला मध्ये लहान खिडकी ठेवली, तापमान घ्यायला आणि आत बघायला. चार्ज टाकताना पूर्ण उघडायचं, एरवी बंद.

हे दुसरं झाकण चाललं, ते मामांच्या हाताला सोसवलं म्हणून. उन्हाळ्यात प्लॅटफॉर्मवर उभं राहणं सुसह्य झालं, हे त्यांनी स्वतः बाकीच्यांना सांगितलं. युनिटचा मुद्दा त्यांच्या बोलण्यात तेव्हा नव्हताच.

पावसाळी रिजेक्शन

यातला सगळ्यात मोठा पैसा कुठे होता हे मालकांना माहीत होतं, फक्त त्यांनी तो विजेच्या खात्यात कधी धरला नव्हता. रिजेक्शन वर्षभर आठ टक्के असलं तरी पावसाळ्यात दोन आकडी व्हायचं. पंचगंगेला पूर आला, हायवे बंद झाला तर वाळूची गाडी अडते हे एक. रोजचं दुखणं वेगळं : यार्डात उघड्यावर पडलेली नवी वाळू भिजलेली, परत येणारी वाळू गरम, दोन्ही मिक्सरमध्ये एकत्र, आणि पाणी अंदाजाने. ग्रीन सँडमध्ये ओल तीन-चार टक्क्यांच्या पुढे सरकली की वायूची भोकं पडतात. मोल्डर मुठीत वाळू दाबून मोडून बघायचा. अनुभवी हात असतो, तरी गरम वाळू हाताला फसवते.

वाळूवर पत्र्याचं छप्पर घातलं. ओल मोजायचं साधं यंत्र लॅबमध्ये धूळ खात होतं, ते दर तासाला वापरायचं ठरलं. परतीची वाळू गार व्हायला एक जादा फेरा दिला. चार जास्त खपाच्या पार्टचं गेटिंग (साच्यात रस जायच्या वाटा) नव्याने केलं, रायझरला एक्झोथर्मिक स्लीव्ह (स्वतः तापणारी नळी) लावून त्यांचं वजन कमी केलं. कास्टिंग यील्ड, म्हणजे रसातला कास्टिंगमध्ये जाणारा वाटा, ६५ टक्क्यांवरून ६७ वर आलं. दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाहीत. फाउंड्रीवाल्याला विचारा.

परतीचे रनर-रायझर वाळूसकट भट्टीत जायचे, तेही बंद केलं. एक टक्का स्लॅग म्हणजे टनाला दहा युनिट, असा ढोबळ हिशेब या धंद्यात आहे. वाळू वितळवायची, मग ती काढून टाकायची, वर त्या स्लॅगने लाइनिंग खायची. वाळू झाडायला सेकंडहँड टंबलिंग बॅरल (फिरतं पिंप) आणलं, सगळ्या खर्चात तोच मोठा आकडा.

हवा

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी मी वॉचमनला घेऊन शेडमध्ये गेलो. सगळं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायला सांगितलं. एरवी आवाजात काही ऐकू येत नाही. त्या शांततेत सगळीकडून फुसफुस येत होती. वॉचमनकडे खडू दिला, जिथे आवाज तिथे खूण. तासाभरात सव्वीस खुणा झाल्या. कुणाचाही हवेचा वापर नसताना कॉम्प्रेसर दोन मिनिटं लोडवर, चार मिनिटं अनलोडवर चालत होता. म्हणजे त्याच्या क्षमतेतली तिसरा हिस्सा हवा गळतीत. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरवर जवळपास चार किलोवॅटचा बोजा टाकतं.

दाब साडेसात बारवर ठेवला होता, कारण लाइनच्या टोकाच्या मोल्डिंग मशीनला कमी पडायचा. टोकाचा अरुंद पाइप बदलला, गळती बुजवली, दाब सव्वासहावर आणला. एक बार कमी म्हणजे कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज कमी. अंगावरची धूळ हवेने उडवायची सवय मात्र एका सूचनेने गेली नाही. ती वीजबिलापेक्षा डोळ्यांसाठी आणि कानांसाठी घातक आहे, हे परत परत सांगावं लागलं.

तीन महिन्यांनी पुन्हा खडू घेऊन गेलो तर अकरा नव्या खुणा. गळतीचं काम एकदाच होत नाही, भांगलणीसारखं ते परत परत करावं लागतं.

डस्ट कलेक्टरच्या पंख्याला आणि कूलिंगच्या पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावली, तिचा फायदा झाला. पंख्याचा वेग वीस टक्के उतरवला की वीज जवळपास निम्मी होते, घनाचा नियम आहे. सँड मिक्सरच्या मोटरलाही व्हीएफडी लावायची सूचना माझीच. तिथे काही हाती लागलं नाही. वाळू घुसळायला जोर लागतो तो लागतोच. ती नंतर काढून दुसरीकडे वापरली.

वर्षानंतरचा आकडा

ऋतूचा फरक मोठा असल्यामुळे मी नोव्हेंबर ते जानेवारी या तिमाहीची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केली. फर्नेस ६४० वरून ५८५ युनिटवर. रिजेक्शन आठवरून साडेपाच टक्क्यांवर. त्याच १५० टन चांगल्या मालासाठी आता २५०ऐवजी २३७ टनच रस लागत होता. फर्नेस सोडून बाकीची वीज ५५ हजारांवरून ४६ हजारांवर. महिन्याचं बिल एक लाख पंच्याऐंशी हजार युनिटच्या आत. टनामागे १,४३० होते, ते १,२३०.

महिन्याला तीस हजार युनिट. सगळे आकार धरून त्यांना युनिट साडेनऊ रुपयांना पडत होतं, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर. एकूण खर्च, फसलेल्या झाकणासह, बारा लाखांच्या आत. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, त्या हिशेबाने महिन्याला वीस टनांवर.

मालकांचा पहिला प्रश्न होता, सोलर की फर्नेस. सोलरचा एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतो. तीस हजार युनिटसाठी २५० किलोवॅटचा प्लँट लागला असता. किलोवॅटला दहा चौरस मीटर धरले तर पंचवीसशे चौरस मीटर छत, आणि कोटभर रुपये. त्यांच्या शेडवर एवढी जागाच नव्हती. सोलर घेऊ नका असं मी म्हणत नाही. आता ते ६० किलोवॅटचा घेत आहेत आणि घ्यावाच. पण उघड्या तोंडातून जाणारी उष्णता सोलरने भरून काढणं म्हणजे फुटक्या घागरीसाठी नवी विहीर खणणं. नव्या फर्नेसबद्दल ठरलं ते असं की सध्याचं पॅनेल मोठी दुरुस्ती मागेल तेव्हा थेट आयजीबीटी (नव्या तंत्राचं) पॅनेल घ्यायचं, तोवर नाही.

धोरण कुठपर्यंत पोचलं

देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईई २००२ मध्ये आला. एसी-फ्रिजवरचे तारे २००६ पासून आहेत, २०१५ च्या उजाला योजनेने एलईडी बल्ब खेड्यापाड्यांत नेला. कारखान्यांना वीज-इंधन बचतीचं लक्ष्य देणारी पॅट योजना २०१२ मध्ये आली, पण ती मोठ्यांसाठी. हजारो टन तेलाइतकी ऊर्जा वापरणाऱ्यांनाच ते लक्ष्य, शिरोलीतली दोनशे माणसांची फाउंड्री त्यात कुठेच येत नाही. तिच्यावर सक्ती नाही आणि तिला कुणी विचारायलाही येत नाही. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कमी केलेल्या कार्बनच्या खरेदी-विक्रीच्या, बाजाराचा पाया घातला, पण महिन्याचे वीस टन घेऊन एकटा छोटा कारखानदार त्या बाजारात उभा राहू शकत नाही. ते गटानेच करावं लागेल.

कोल्हापूरच्या फाउंड्रीकडे अगदी कुणाचं लक्ष गेलं नाही असं नाही. जागतिक बँक आणि जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) यांच्या मदतीने सिडबी (लघुउद्योगांची विकास बँक) आणि बीईईने लघुउद्योगांसाठी जो प्रकल्प राबवला, त्याच्या पाच क्लस्टरमध्ये (उद्योगसमूहांमध्ये) कोल्हापूरची फाउंड्री होती, पुण्याचं फोर्जिंगही. त्या काळात झालेल्या ऑडिटांनी इथल्या बऱ्याच मालकांना पहिल्यांदा युनिट मोजायला लावलं. जुलै २०२५ मध्ये बीईईने अडीटी नावाची एक हजार कोटींची योजना आणली. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघुउद्योगांना पाच टक्के, मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत, सोबत ऑडिटपासून पडताळणीपर्यंत मदत. दिशा योग्य आहे. माझी तळमळ वेगळी आहे. व्याजसवलत यंत्राला मिळते. वाट बघण्याची चौतीस मिनिटं, वाळूवरचं छप्पर, मामांनी ठरवलेला खुंट, यांना कर्ज लागत नाही आणि म्हणून ती कुठल्याच योजनेत दिसत नाहीत. पहिली मदत मीटर बसवायला मिळायला हवी. फर्नेस, कॉम्प्रेसर, सँड प्लँट, प्रत्येकाला वेगळा मीटर. इथे तो खर्च ऐंशी हजारांच्या घरात होता आणि त्याच्याशिवाय बाकीचं काहीच झालं नसतं.

वीजदराचं दुखणं खरं आहे. दर वाढला की कर्नाटकात जायची भाषा इथे निघते, कागलच्या पुढे सीमा दिसतेच. दराविरुद्ध भांडावंच. पण बिलाचे नियमही बदलले आहेत, तिकडे डोळा ठेवायला हवा. एप्रिल २०२० पासून राज्यात एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारी वीजही धरून, बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की तो थेट युनिटमध्येच दिसतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी उद्योगांसाठी सौर तासांतला (दिवसा ऊन असतानाचा) दर किमान वीस टक्के स्वस्त आणि पीकचा (जास्त मागणीच्या वेळचा) दर किमान वीस टक्के महाग ठेवायला सांगितलं. वर्षानुवर्षं फाउंड्रीनं स्वस्त विजेसाठी रात्रपाळी केली. आता दुपारी वितळवणं परवडेल असे दिवस आहेत. पाळ्यांचं हे गणित प्रत्येक फाउंड्रीनं नव्याने मांडायला हवं. रात्रपाळी कमी झाली तर माणसांच्या झोपेचंही भलं होईल. या फाउंड्रीत फेब्रुवारीपासून दुसरी पाळी लवकर सुरू करून बघायचं ठरलं आहे. मोल्डिंगची क्षमता दिवसा पुरेल का, हा तिथला अडसर आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

फर्नेसच्या खांबावर आता एक काळा फळा आहे. रोज सकाळी ताई त्यावर दोन आकडे लिहितात, आदल्या दिवसाचे युनिट प्रति टन रस आणि युनिट प्रति टन चांगला माल. पहिल्या महिन्यात हीटच्या वेळा रजिस्टरमध्ये थोड्या सोयीने लिहिल्या जायच्या. मालकांनी कुणाला झापलं नाही, मीटरचे आकडे थेट घ्यायला सुरुवात केली, विषय संपला.

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "सायेब, झाकणाचा खुंट परत आवळतोय. दोन हीट उघड्यावरच गेल्या. सहाशे अकरा आलंय. सकाळी त्या उद्यमनगरच्या पोराला घिऊन येतासा का?"

सकाळी साडेआठला आम्ही दोघं शिरोलीत होतो. मामा खुंट उघडून, ग्रीस काढून बसले होते.